महामारीत मास्क: कुठे लावायचा, कोणता घ्यायचा आणि फट कशी बुजवायची

श्वासावाटे पसरणाऱ्या साथीत सर्वसामान्यांनी मास्क लावावा का? होय, लावावा. पण नुसतं ‘होय’ म्हणून भागत नाही. बंद खोलीत, दाटीत, दुसऱ्यांनी सोडलेल्या हवेत वेळ काढायचा असेल तेव्हा लावावा. मोकळ्या माळावर एकट्याने चालताना त्याची गरज नाही. आणि लावायचाच तर कडेने हवा गळणार नाही असा लावावा. कोविडच्या काळात महाराष्ट्रात मास्क नाही असा माणूस क्वचित दिसायचा. पण कुणाचा हनुवटीवर होता, कुणाचा नाकाखाली, तर कुणाचा एका कानाला लोंबत. कायदा पाळला जात होता, संरक्षण मात्र मिळत नव्हतं. पुढची साथ कोणत्याही विषाणूची असो, ती हवेतून पसरणारी असेल तर खाली दिलेलं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल.

सल्ला का बदलला, हे आधी समजून घ्या

लोकांचा विश्वास उडाला तो इथेच. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की निरोगी माणसाने मास्क लावायची गरज नाही. मार्च संपता संपता भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मास्क कसा शिवावा याची पुस्तिका काढली. ३ एप्रिलला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने कापडी मास्क लावायला सांगितलं, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपली भूमिका बदलली.

या बदलामागे तीन कारणं होती. एक, सुरुवातीला मास्कचा तुटवडा होता आणि ते डॉक्टर-परिचारिकांसाठी राखायचे होते. भारताने तर ३१ जानेवारी २०२० लाच निर्यातीवर बंदी घातली होती. दोन, ज्यांना काहीच लक्षणं नाहीत अशी माणसंही आजार पसरवतात, हे नंतर स्पष्ट झालं. मग ‘आजारी असेल त्यानेच लावावा’ या सल्ल्याला अर्थ उरला नाही. तीन, आजार फक्त खोकल्याच्या मोठ्या थेंबांतून पसरतो आणि ते थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, असं धरलं गेलं होतं. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सुमारे अडीच तास सराव झाला. हजर असलेल्या ६१ पैकी ५३ जण आजारी पडले. कुणी कुणाच्या तोंडावर खोकलं म्हणून एवढी माणसं आजारी पडत नाहीत. अख्ख्या खोलीची हवाच दूषित झाली तर पडतात. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी मिळून हेच जाहीरपणे मांडलं: बोलताना, गाताना, साधा श्वास सोडतानाही बारीक कण बाहेर पडतात आणि बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात.

मास्कविषयीचा प्रत्येक व्यवहारी निर्णय या तिसऱ्या कारणावर उभा आहे. धूर पसरतो तसा आजार पसरत असेल, तर ‘सहा फुटांवर आहे, मास्क काढला तर चालेल’ हे बंद खोलीत खरं ठरत नाही.

अभ्यास उलटसुलट का वाटतात

डेन्मार्कमध्ये एप्रिल ते जून २०२० दरम्यान सुमारे ६,००० लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सर्जिकल मास्क देऊन लावायला सांगितलं. त्यांच्यात संसर्ग १.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के निघाला. फरक इतका कमी की तो योगायोगही असू शकतो. पण मास्क मिळालेल्यांपैकी सांगितल्याप्रमाणे तो नीट वापरणारे फक्त ४६ टक्के होते, आणि आजूबाजूचा समाज जवळपास बिनमास्कचा होता.

बांगलादेशातला प्रयोग मोठा होता: ६०० गावं, तीन लाख चाळीस हजारांहून जास्त प्रौढ. मास्क वाटलेल्या गावांत नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. तेवढ्या वाढीने लक्षणांसहित संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीपुढच्यांमध्ये ही घट ३५ टक्के होती. कापडी मास्कच्या गावांतला फायदा मात्र खात्रीने सांगण्याइतका दिसला नाही. या प्रयोगात निम्म्याहून जास्त माणसं मास्क न लावताच वावरत होती, हे ते आकडे वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यावरून ‘मास्क निरुपयोगी’ असे मथळे आले. कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणं चुकीचं आहे, आढाव्यातून ठाम उत्तर निघालेलं नाही. असे बहुतेक प्रयोग ‘मास्क लावा’ असं सांगण्याचा परिणाम मोजतात. सांगितलेलं लोकांनी किती पाळलं, त्यावर आकडा हलतो. मास्क खरोखर तोंडावर असेल तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या क्षयरोग वॉर्डात दिसलं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांनी एक दिवसाआड सर्जिकल मास्क लावला. वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन खोल्यांत सोडली, मास्कच्या दिवसांची एका खोलीत आणि बिनमास्कच्या दिवसांची दुसरीत. मास्कच्या दिवसांच्या हवेने संसर्गाचा धोका ५६ टक्क्यांनी कमी केला. साधा सर्जिकल मास्क, आणि तोही फक्त रुग्णाच्या तोंडावर.

फटीचं आणि तासांचं गणित

मास्क निवडण्याआधी दोन हिशेब मनात पक्के असू द्या.

पहिला फटीचा. एन९५ चं कापड सर्वात अवघड आकाराचे, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण ९५ टक्के अडवतं. (त्याहून बारीक कण हवेत सैरभैर फिरत तंतूंना धडकतात, मोठे कण सरळ जाऊन आदळतात, मधले सर्वात निसटते.) पण आत येणाऱ्या हवेपैकी ३० टक्के हवा नाकाजवळच्या फटीतून येत असेल, तर गाळली जाते ती उरलेली ७० टक्के, आणि एकूण संरक्षण ६६ टक्क्यांवर येतं. कापड कितीही भारी असो, हवा सोपी वाट धरते.

दुसरा तासांचा. आठ तास बंद ऑफिसात बसायचं आहे आणि मास्क नीट बसलेला आहे, म्हणजे बाहेरचे दहा टक्केच कण आत येतात असं धरा. आठही तास लावला तर शरीरात जाणारा भार बिनमास्कच्या ०.८ तासाइतका. आता त्याच खोलीत अर्धा तास मास्क काढून सगळ्यांनी मिळून डबा खाल्ला. हिशेब ०.७५ अधिक ०.५, म्हणजे १.२५ होतो. दिवसभराच्या भारातला ४० टक्के वाटा त्या अर्ध्या तासाचा! आणि घुसमटतंय म्हणून हा मास्क अर्धाच दिवस लावला तर भार ४.४ तासांवर जातो. त्यापेक्षा ६० टक्केच अडवणारा सर्जिकल मास्क आठही तास लावला तर भार ३.२. म्हणून मास्क विकत घेताना ‘सर्वात भारी कोणता’ यापेक्षा ‘यातला कोणता मी दिवसभर काढणार नाही’ हे स्वतःला विचारा.

दोघांनीही मास्क लावला असेल तर फायदा गुणाकाराने वाढतो. एकाच्या मास्कमधून निम्मे कण बाहेर पडले आणि दुसऱ्याच्या मास्कने त्यातले निम्मे अडवले, की उरतो पाव हिस्सा.

पायरी १: जागेचा अंदाज घ्या

दारात शिरताना तीन गोष्टी पाहा: हवा खेळती आहे का, माणसं किती जवळ आहेत, आणि ती गप्प आहेत की मोठ्याने बोलत-गात आहेत. यांपैकी दोन गोष्टी वाईट असतील आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल, तर चांगला मास्क हवाच.

एसी मंगल कार्यालय, बंद सभागृहातली भजनसंध्या, लिफ्ट, दवाखान्याची प्रतीक्षा खोली, कोचिंग क्लास, एसी लोकल, व्हॉल्वो बस या साथीतल्या सर्वात धोक्याच्या जागा. घरचा किंवा ऑफिसचा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. थंडावा जाणवला म्हणजे हवा ताजी आहे असं समजू नका. साध्या लोकलला दारं-खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे धावत्या गाडीत हवा बदलते. पण गर्दीच्या वेळी दुसऱ्याचं तोंड वीतभर अंतरावर असतं, म्हणून तिथेही मास्क हवा. एसटीच्या उघड्या खिडकीजवळची जागा मधल्या जागेपेक्षा बरी. भाजी मंडई उघड्यावर असेल तर सर्जिकल मास्क पुरे. एकट्याने गाडी चालवताना, शेतात, टेकडीवर फिरताना गरज नाही. दिल्लीत एकट्या चालकालाही दंड होत असे. तो नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये मागे घेतला गेला. अशा नियमांनी आजार अडत नाही, उलट लोक जिथे खरी गरज आहे तिथेही कंटाळून मास्क उतरवतात.

शाळा, क्लास किंवा ऑफिस तुमच्या हाती असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घ्या, काही हजारांत मिळतो. बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. खोलीत तो १,००० च्या वर गेला की लोक एकमेकांचा श्वास पुन्हा पुन्हा घेत आहेत असं समजा आणि खिडक्या उघडा.

पायरी २: मास्क निवडा

एन९५ किंवा एफएफपी२. भारतात एफएफपी मास्कसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे. एफएफपी२ किमान ९४ टक्के कण अडवतो, एन९५ ९५ टक्के. व्यवहारात दोन्ही सारखेच. साठीपुढची माणसं, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे, रुग्णाची शुश्रूषा करणारे आणि दिवसभर लोकांत काम करणारे कंडक्टर, बँकेचे कॅशियर, दुकानदार यांनी हाच घ्यावा. डोक्यामागून जाणारे पट्टे असलेला कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. कोरियाचा केएफ९४ नावेच्या आकाराचा असतो, ओठांपासून दूर राहतो आणि बोलायला सोपा जातो.

झडप असलेला एन९५ घेऊ नका. उच्छ्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर पडतो. तुमचं संरक्षण होतं, समोरच्याचं होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये राज्यांना याच कारणासाठी पत्र पाठवलं होतं. घरात आधीच असेल तर त्यावरून सर्जिकल मास्क लावा.

सर्जिकल मास्क तीन पदरी असतो. भारतीय मानक आयएस १६२८९. कापड चांगलं असतं, पण गालांजवळ मोठ्या फटी राहतात. त्या बुजवायची युक्ती पुढे दिली आहे.

कापडी मास्क म्हणजे काहीच न मिळाल्यावरचा पर्याय. एकपदरी कापड, रुमाल, उपरणं, ओढणी, दुचाकीवर गुंडाळायचा स्कार्फ यांनी धूळ-ऊन अडतं. श्वासातले बारीक कण फारसे अडत नाहीत. स्कार्फ बांधायची सवय असेल तर आत आधी मास्क लावा, वरून स्कार्फ घट्ट गुंडाळा. तोच स्कार्फ मग मास्कच्या कडा दाबून धरतो.

पायरी ३: खरा-खोटा ओळखा

साथीत नकली माल येतोच, आणि भावही चढतात. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारला दर बांधून द्यावे लागले होते: एन९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये, तीन पदरी मास्क ३ ते ४ रुपये.

एफएफपी२ वर आयएसआय चिन्ह, आयएस ९४७३ आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते पाहा. एन९५ अमेरिकी प्रमाणपत्राचा आहे असा दावा असेल तर मास्कवर नायोशचं (मास्क तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेचं) नाव आणि ‘टीसी-८४ए’ ने सुरू होणारा क्रमांक हवा, आणि पट्टे डोक्यामागचेच हवेत. कानात अडकवायचा, लहान मुलांसाठीचा किंवा फुलाफुलांचा ‘नायोश मान्यताप्राप्त एन९५’ म्हणजे बनावट माल.

सर्जिकल मास्कच्या ५० च्या डब्यातला एक मास्क कात्रीने कापून उघडा. आत तीन वेगळे पदर सुटायला हवेत. बाहेरच्या रंगीत आणि आतल्या पांढऱ्या पदरावर बारीक ठिपक्यांची छापासारखी जाळी दिसते. मधला पदर वेगळा असतो: गुळगुळीत, दुधासारखा पांढरा, ओढला तर लगेच फाटणारा. हा मेल्ट-ब्लोन पॉलिप्रॉपिलीन, गाळायचं काम त्याचंच. उजेडाकडे धरल्यावर तो इतर दोघांसारखाच ठिपकेदार आणि आरपार दिसला, किंवा आत दोनच पदर निघाले, तर डबा परत करा. या मधल्या पदरावर पाण्याचे चार थेंब टाकले तर ते मण्यांसारखे उभे राहतात, आत झिरपत नाहीत.

पायरी ४: लावा आणि गळती तपासा

एन९५ साठी:

१. हात धुवा. मास्क तळहातावर घ्या, नाकाची पट्टी बोटांच्या टोकांकडे, पट्टे खाली लोंबते.
२. हनुवटीखालून बसवून वर आणा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. पट्टे एकमेकांवर फुली करू नका, बाजूंना फटी पडतात.
३. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नाकाच्या मध्यावर ठेवून पट्टी बाहेरच्या दिशेला दाबत न्या. एका हाताच्या चिमटीत दाबली तर मध्ये टोक उभं राहतं आणि दोन्ही बाजूंनी हवा गळते. सर्वात जास्त होणारी चूक हीच.
४. दोन्ही तळव्यांनी मास्क झाका आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला तर पट्टी पुन्हा दाबा, पट्टे मागे सरकवा. मग जोरात श्वास आत घ्या. मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे.

चष्म्यावर वाफ येत असेल तर ती गळतीची खूण समजा. चष्म्याला फेस लावून वाफ घालवण्याआधी नाकाची पट्टी नीट करा. तरीही आली तर मास्कच्या वरच्या कडेवर, नाकावरून आडवी, मलमपट्टीची कागदी चिकटपट्टी लावा.

दाढी हा खरा अडथळा आहे. कड टेकते तिथे दोन दिवसांची खुंटंही पुरेशी फट पाडतात. मिशी आणि छोटी दाढी कडेच्या आत मावत असेल तर अडचण नाही. पूर्ण दाढी ठेवणाऱ्यांना एन९५ वर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. त्यांनी सर्जिकलवर घट्ट कापडी मास्क लावणं आणि गर्दीतला वेळ कमी करणं बरं.

सर्जिकल मास्कसाठी गाठ मारायची युक्ती: मास्क आडवा, वरची कड खालच्या कडेला लागेल असा दुमडा. दोन्ही बाजूंच्या इलॅस्टिकला मास्कच्या अगदी लगत एक-एक गाठ मारा. मास्क उघडा, कडेला तयार झालेली छोटी खोळ आतल्या बाजूला दुमडा, मग लावा. रंगीत बाजू बाहेर, चुण्यांची तोंडं खाली. मोठ्या चेहऱ्याला गाठ मारल्यावर तो अपुरा पडू शकतो. तेव्हा गाठ सोडून त्यावरून घट्ट बसणारा कापडी मास्क लावा. २०२१ मध्ये सीडीसीने प्रयोगशाळेत कृत्रिम खोकल्यावर हे तपासलं. एकटा सर्जिकल किंवा एकटा कापडी मास्क साधारण निम्मे कण अडवत होता. दोन्ही एकावर एक लावल्यावर ८० टक्क्यांहून जास्त अडले. वरचा मास्क खालच्याच्या कडा चेहऱ्याला दाबतो, हे त्यामागचं मुख्य कारण. दोन सर्जिकल एकावर एक लावून हा फायदा होत नाही, आणि झडप झाकण्यापुरतं सोडलं तर एन९५ वर दुसरा लावू नका, त्याची बैठक बिघडू शकते.

पायरी ५: दिवसभर सांभाळा

बोलताना मास्क खाली ओढणं बंद करा. तिकीट खिडकीवर, फोनवर, समोरच्याला ऐकू येत नाही म्हणून लोक नेमके तेव्हा तो उतरवतात, आणि बोलतानाच सर्वात जास्त कण बाहेर पडतात. आवाज चढवा किंवा लिहून दाखवा.

डबा आळीपाळीने खा, शक्यतो गच्चीवर, व्हरांड्यात किंवा उघड्या खिडकीशी. मास्क काढताना इलॅस्टिक धरून काढा आणि कागदी पाकिटात ठेवा. खिशात चुरगळलेला मास्क पुन्हा नीट बसत नाही.

सर्जिकल मास्क चार ते सहा तासांनी, किंवा ओला झाला की लगेच बदला. पावसाळ्यात पिशवीत दोन कोरडे मास्क जादा ठेवा. भिजलेल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं, आणि जड गेलं की हवा कडेने शिरते.

एन९५ धुवायचा नाही. त्यावर सॅनिटायझर मारायचा नाही, इस्त्री फिरवायची नाही. त्याच्या मधल्या पदराला स्थिर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण त्याने खेचले जातात. साबण आणि अल्कोहोल हा भार घालवतात. मास्क वरून तसाच दिसतो, पण गाळणं निम्म्यावर किंवा त्याखाली येऊ शकतं. पुन्हा वापरायचा असेल तर पाच मास्क आणि पाच कागदी पाकिटं घ्या, त्यांवर वार लिहा. सोमवारचा मास्क सोमवारच्या पाकिटात, पुन्हा बाहेर निघणार पुढच्या आठवड्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून पाकीट कागदीच. पट्टे सैल पडले, पट्टी तुटली, आत डाग पडले किंवा श्वास जड झाला की तो टाकून द्या.

मास्कमुळे ऑक्सिजन कमी पडतो ही भीती मनातून काढून टाका. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू मास्कच्या छिद्रांपुढे इतके लहान असतात की ते सहज ये-जा करतात. जडपणा आणि उकाडा मात्र खरा आहे. म्हणूनच धावताना किंवा जोराचा व्यायाम करताना मास्क लावू नये. तो व्यायाम मोकळ्यावर करावा. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी कोणता मास्क किती वेळ सोसेल हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

घरात रुग्ण असेल तर

संसर्गाची सर्वात मोठी संधी घरातच असते, आणि लोक घरात शिरताच मास्क उतरवतात. रुग्णाला वेगळी खोली द्या, खिडकी उघडी, दार बंद. एक्झॉस्ट पंखा असेल तर तो बाहेर हवा फेकतो आहे ना हे पाहा. कोणी खोलीत येणार असेल तेव्हा रुग्णाने मास्क लावावा, चार ते सहा तासांनी किंवा ओला झाल्यास आधी बदलावा. शुश्रूषा करणाऱ्याने एन९५ खोलीबाहेर लावायचा आणि बाहेर येऊन, दार लावूनच काढायचा. वेगळी खोली शक्य नसेल, जशी मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती नसतेच, तर रुग्णाची झोपायची जागा वाऱ्याच्या निघण्याच्या बाजूला ठेवा आणि रुग्ण जागा असताना दोघांनीही मास्क लावा.

लहान मुलं

दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क कधीच लावू नका. गुदमरण्याचा धोका असतो. भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावा असं सांगितलं होतं. बारापुढे मोठ्यांसारखंच. मोठ्यांचा मास्क मुलाला गाठी मारून लावण्यापेक्षा त्याच्या मापाचा घ्या. स्वतःच्या हाताने मास्क काढू न शकणाऱ्या कुणालाही तो लावू नका, मग वय काहीही असो.

घरी शिवायचा असेल तर

बाजारात मास्क मिळेनासे झाले तर उपयोगी पडेल. तीन पदर घ्या: चेहऱ्याकडे घट्ट विणीचं सुती पॉपलीन, मध्ये दुकानांत मिळणाऱ्या न विणलेल्या कापडी पिशवीचा तुकडा (हे पॉलिप्रॉपिलीन असतं), बाहेर पॉलिएस्टर-सुती मिश्र कापड. सुती पदर घाम शोषतो, बाहेरचा ओल आत येऊ देत नाही. कापड उन्हाकडे धरल्यावर विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसले तर ते कापड सोडा.

मोठ्यांसाठी प्रत्येक पदर ९ इंच रुंद, ८ इंच उंच कापा. पदर एकत्र ठेवून चारही बाजूंना अर्धा इंच दाबून शिवलं की ८ बाय ७ उरतं. वरच्या कडेत १० सेंटीमीटर लांबीची ॲल्युमिनियमची तार घालण्याइतकी नळी सोडा. तारेची दोन्ही टोकं वळवून घ्या, नाहीतर ती कापड फाडून बाहेर येतात. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या खालच्या दिशेने घाला, बाजू ४ इंचांची होईल. दीड इंच रुंदीच्या पट्टीच्या, प्रत्येकी १६ इंच लांब चार नाड्या करून कोपऱ्यांना शिवा. नाड्या डोक्यामागे बांधल्या की इलॅस्टिकपेक्षा पकड चांगली मिळते. ६ ते ११ वयासाठी कापड ७ बाय ६ इंच आणि चुण्या दोनच.

मधोमध शिवण घालू नका, सुईची भोकं नेमकी तोंडासमोर येतात. शिवून झाल्यावर मास्क लावून वीतभर अंतरावरची मेणबत्ती फुंकून पाहा. सहज विझली तर आणखी एक पदर हवा. हा मास्क रोज साबण आणि गरम पाण्याने धुवा, कडक उन्हात पूर्ण वाळवा. मधल्या पदराला इस्त्री लावू नका, तो वितळतो.

सोसायटी आणि ग्रामपंचायतीसाठी

बांगलादेशच्या प्रयोगात लोकांनी मास्क लावण्यामागे चार गोष्टी एकत्र होत्या: घरोघरी फुकट वाटप, माहिती, बाजारात समोरासमोर नम्रपणे दिलेली आठवण, आणि गावातल्या मान्यवरांनी स्वतः लावून दाखवणं. मोबाइलवरच्या संदेशांनी किंवा बक्षिसांनी त्यात काही भर पडली नाही. म्हणून फलकावर पैसे घालण्यापेक्षा मंडईच्या दाराशी दोन माणसं आणि सर्जिकल मास्कचा डबा ठेवा. सरपंचांनी, सोसायटीच्या अध्यक्षांनी भाषण करतानाही मास्क काढू नये; फोटोसाठी तर नाहीच.

साठा आणि विल्हेवाट

चौघांच्या घरात रोज दोन जण बाहेर पडत असतील तर त्यांच्यासाठी पाच-पाच एन९५, आणि सगळ्यांसाठी मिळून सर्जिकल मास्कचे दोन डबे एवढा साठा महिनाभर पुरतो. त्याहून जास्त जमवू नका, तुटवडा त्यानेच होतो. डबे कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. कोकणातल्या दमट हवेत आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर इलॅस्टिक लवकर कुजतं. बाहेर काढताना मुदत वाचा आणि पट्टा एकदा ताणून पाहा.

वापरलेला मास्क कात्रीने मधोमध कापा, इलॅस्टिकही तोडा. नाहीतर कचऱ्यातून उचलून तो पुन्हा विकला जाऊ शकतो आणि पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोविडकाळात घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे तो कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मग सुक्या कचऱ्यात द्या. घरात रुग्ण असेल तर त्याची आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याची वापरलेली सामग्री वेगळ्या पिवळ्या पिशवीत बांधून, वर लिहून, महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने ठरवलेल्या गाडीतच द्यावी, म्हणजे घंटागाडीवरच्या माणसाला उघड्या हातांनी ती चाचपावी लागणार नाही.